वाट समोरच्याने ओढायची

गोल्फ हा खेळ मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. आठवडाभर शाळेत पोरांना गणित शिकवून घसा बसवायचा आणि रविवारी सकाळी लिंबाएवढ्या चेंडूमागे ऊन डोक्यावर येईपर्यंत हिंडायचं, यात सुख कोणतं ते मला आजवर कळलं नाही. पण आमच्या ह्यांना त्याचं वेड होतं, आणि चाळिशी उलटल्यावर मलाही त्यांनी त्यात ओढलं. साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून मी काठी उगारायची, चेंडू जागचा हलायचा नाही, मुरूम मात्र उडायचा. मी चिडून काठी फेकायचे. हे शांतपणे ती उचलून आणायचे आणि म्हणायचे, "काहून घाबरून राहिली तू? हात ढिले ठेव."

हे खाणीत सर्व्हेअर होते. चिखल्याच्या बाजूची मँगनीजची खाण. माल जमिनीखाली, वर आमची कॉलनी, आणि कॉलनीच्या मागे माळावर कोण्या जुन्या साहेबाने आखून ठेवलेलं नऊ होलचं मैदान. मैदान म्हणजे नावालाच. गवत असलंच तर पावसाळ्यात, एरवी काळे दगड, मुरूम, मोहाची चार झाडं आणि गावची गुरं. दुसरीकडे होलभोवती मऊ हिरवळ राखतात, तिला ग्रीन म्हणतात असं ऐकून होते. आमच्याकडे गाड्यांचं जळकं ऑइल मिसळून थापलेली वाळू होती, म्हणून तिला सगळे ब्राउन म्हणायचे. त्या वाळूवर पावलं उमटत, चेंडूच्या रेघा उमटत. म्हणून प्रत्येक ब्राउनच्या कडेला लांब दांड्याचा एक लाकडी पाटा पडलेला असे. होलमध्ये चेंडू घालायचा शेवटचा हलका फटका मारण्याआधी, चेंडूपासून होलपर्यंत तो पाटा ओढून वाळू सारखी करून घ्यायची. याला आमच्या क्लबात वाट ओढणं म्हणत.

आता ही वाट कोणी ओढायची, यावरून पूर्वी क्लबात मोठी भांडणं होत. ज्याचा चेंडू त्यानेच ओढली तर तो पाटा जरासा दाबणार, होलपर्यंत पन्हळ पाडणार आणि वर साळसूदपणे उभा राहणार. मनुष्यस्वभाव आहे. हे क्लबचे सेक्रेटरी झाले तेव्हा त्यांनी नियमच करून टाकला की वाट समोरच्याने ओढायची. आपण नाही, आपल्या जोडीदारानेही नाही, विरुद्ध बाजूच्या माणसाने. त्याने ती सरळ, न दाबता ओढायची, बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, "वाट मोकळी." मग आपण फटका मारायचा. आपल्या बाजूच्या कोणी पाट्याला हात लावला तर तो होल गेला, बोलायचं काम नाही.

नियमाच्या बाबतीत हे इतके कडक का, ते मला ठाऊक होतं. त्याच माळावर ह्यांची आई उन्हात बसून मँगनीज निवडायची. माल एका घमेल्यात, दगड दुसऱ्यात. तिचा मुलगा पुढे त्याच माळावर पांढरा शर्ट घालून साहेबलोकांच्या बरोबरीने खेळतो, ही गोष्ट क्लबातल्या काही जणांच्या घशाखाली उतरायला बराच काळ लागला. हे कोणाशी वाद घालत नसत. फक्त मला घरी म्हणायचे, "आपल्याकडं कोनाचं बोट नाही उठलं पाह्यजे." त्यामुळे स्वतःचा चेंडू चुकून बोटभर हलला तरी हे ओरडून सांगायचे आणि स्वतःच्या अंगावर एक फटका चढवून घ्यायचे. मला त्याचा राग यायचा. दुनिया चोरून खाते आणि आमच्या घरात हरिश्चंद्र, असं मी तोंडावर बोललेसुद्धा आहे.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात ते सुरू झालं. जमिनीखालच्या अंधारातल्या बोगद्यांचे नकाशे काढणारा माणूस तुमसरच्या बाजारातून बसस्टँडवर पोहोचला नाही. दुपारभर शोधल्यावर एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले सापडले. मला पाहून म्हणाले, रस्ते बदलून टाकले लोकांनी. मी हसण्यावारी नेलं. मग पौर्णिमेला विहारात वंदना म्हणताना मध्येच थांबले. लहानपणापासून तोंडपाठ असलेले शब्द. मागून सगळ्यांनी पुढे म्हणत नेलं, आणि हे हात जोडून तसेच उभे राहिले. त्या दिवशी मी हसले नाही.

नागपूरच्या डॉक्टरने सगळ्या तपासण्या करून सांगितलं की हा विसराळूपणा वाढतच जाणार, मागे फिरवणारं औषध नाही. माझ्या मुलीच्या वयाचा पोरगा तो, समजूत घालायला म्हणून पुढे म्हणाला, हातात मुरलेल्या गोष्टी सगळ्यांत शेवटी जातात, जे करत आले ते करू द्या. त्या एका वाक्याला मी बुडत्याने काडी धरावी तशी धरून बसले. हातात मुरलेलं म्हणजे ह्यांचा खेळ. खेळ राहिला तर माणूस राहील, असा मी हिशेब मांडला. जन्मभर गणित शिकवलं होतं, माझा हिशेब चुकेल असं मला वाटलं नाही. कॉलनीत मी कोणाला काही कळू दिलं नाही. मुलीलाही अर्धंच सांगितलं.

गोंदिया भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून आमच्या क्लबात दर हिवाळ्यात एक मैत्रीची स्पर्धा होत असे. एकीकडे भंडारा, दुसरीकडे गोंदिया. कोणीतरी थट्टेत काढलेली टूम, ती पुढे चालूच राहिली. धान घरात आलं की एखाद्या रविवारी तिकडची मंडळी गाड्या करून येत. नवरा-बायकोच्या जोड्या, प्रत्येक जोडीला चेंडू एकच. एक फटका नवऱ्याचा, पुढचा बायकोचा, पुन्हा नवऱ्याचा. ज्या जोडीला कमी फटके लागतील तिचा तो होल. असे नऊ होल झाले की ज्यांचे होल जास्त ते जिंकले.

त्या वर्षी जाऊ नये हे शहाणपण मला होतं. पण सकाळी उठून पाहते तर हे पांढरा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून ओसरीवर बसलेले. कोणी सांगितलं, कसं लक्षात राहिलं, देव जाणे. मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. मला जिंकायचं नव्हतं. नऊ होल होईपर्यंत हे माझे पार्टनर राहावेत आणि लोकांना दिसावं की हे आहेत तसेच आहेत, एवढंच मला हवं होतं. एक दिवस तरी.

अडचण फक्त पाळीची होती. कोणाचा फटका झाला, आता कोणाचा, हे त्यांना राहणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी युक्ती केली. पिशवी माझ्याच खांद्यावर ठेवली. माझा फटका झाला की मी माझी काठी आत घालणार आणि त्यांची काढून त्यांच्या हातात देणार. हातात काठी आली की त्यांची पाळी, काठी काढून घेतली की माझी.

समोर गोंदियाचे एक राइस मिलवाले शेठ आणि त्यांची बायको होते. वर्षातून एकदा भेटणारी, पण चांगली माणसं. शेठ बोलघेवडे, बाई डोळ्यांना गॉगल लावून येणारी आणि पर्समध्ये चिवड्याचा डबा ठेवणारी. पहिल्या होलवर हात मिळवताना ह्यांनी शेठना विचारलं, "तुमी गोंदियाचे म्हंजे आपल्याच जिल्ह्यातले. मंग तिकडून कायले खेळून राहिले?"

शेठ खो खो हसले. म्हणाले, भाऊ, वाटणी होऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही अजून आम्हाला सोडायला तयार नाही. त्यांची बायकोही हसली. मी सगळ्यांच्या वर हसले. हे मात्र हसले नाहीत, उत्तराची वाट पाहत उभे राहिले. मी घाईघाईने काठी हातात दिली.

आणि काठी हातात आल्याबरोबर माणूस बदलला. खांदे खाली आले, पाय आपोआप जागेवर गेले आणि फटका असा निघाला की शेठच्या तोंडून वा निघून गेलं. पुढच्या तीन-चार होलना हेच चाललं. मी चेंडू दगडांत घालायचे, मोहाच्या बुंध्याशी घालायचे, एकदा तर म्हशीच्या पायात घातला. हे तिथून तो बाहेर काढायचे. मी काठी द्यायची, काढून घ्यायची. पाठीवर पिशवीचा पट्टा रुतत होता, पण मी खूश होते. माझी युक्ती चालली होती. शेठची बायको म्हणालीसुद्धा, वहिनी, भाऊंची सेवा छान करता तुम्ही. तिला काय सांगणार?

पाचव्या होलला बोडी आडवी येते. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, हिवाळ्यात शिंगाड्याच्या वेलांनी भरलेलं. माझा फटका नेहमीप्रमाणे बोडीच्या बांधाच्या अलीकडेच पडला. पलीकडे जायचं तर चेंडू सगळ्या पाण्यावरून न्यायला हवा. शेठ म्हणाले, भाऊ, बाजूने घ्या. ह्यांनी ऐकलंच नाही. एकदा होलमधल्या झेंड्याकडे पाहिलं आणि मारला. चेंडू शिंगाड्यांवरून, बगळ्यांवरून गेला आणि पलीकडच्या ब्राउनवर पडून गप्प बसला. हे माझ्याकडे वळले. तेच डोळे, तेच मिश्कील हसू. म्हणाले, "पाह्यलं वं? हात ढिले ठेवले का जाते."

लग्नापासून मला 'काय वं' अशीच हाक. ती त्या बांधावर ऐकली आणि मला वाटलं, झालं, डॉक्टर खोटा ठरला. माझं माणूस परत आलं. मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं. बांधावरून चालताना मी त्यांचा दंड धरला, जे मी लोकांसमोर कधी केलं नव्हतं.

बांध उतरता उतरता हे माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "माय गेली काय घरी? ऊन झालं."

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली होती. मी म्हटलं, गेल्या हो, केव्हाच गेल्या. मागून येणाऱ्या शेठच्या बायकोने विचारलं, सासूबाई असतात का तुमच्याजवळ? हो म्हटलं, असतात. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर एकेक सुटतच गेलं. मी काठी काढून घेतली की ते ती परत मागू लागले. एकदा माझा फटका होता आणि ते चेंडूवर जाऊन उभे राहिले. मी धावत जाऊन काठी धरली आणि दातओठ खात म्हटलं, अहो, माझी पाळी आहे, ऐका की जरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑफिसच्या खिडकीवर एखादी बाई उगाच अंगावर आली तर सभ्य माणूस पाहतो, तसं. रागावले नाहीत, काठी सोडून दिली आणि बाजूला झाले. मला त्यांचा राग आला, डॉक्टरचा आला, त्या बोडीचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या हिशेबाचा आला. फटका मारला तो डोळ्यांत पाणी घेऊनच, आणि गंमत म्हणजे तो सरळ गेला.

आठ होल झाले तेव्हा बरोबरी होती. शेठला यातलं काही कळलं नव्हतं. म्हातारा माणूस थकला असेल एवढंच त्यांनी धरलं असावं.

शेवटचा ब्राउन क्लबच्या व्हरांड्यासमोर. ज्यांचा खेळ आटोपला होता ते सगळे, दोन्ही जिल्ह्यांचे, तिथे खुर्च्या टाकून बसलेले. खाणीतले ह्यांचे जुने सोबती, त्यांच्या बायका, ज्यांच्यापासून मी इतके महिने लपवलं ते सगळे. शेठच्या बायकोचा चेंडू होलच्या काठावरून पुढे निघून गेला, मग शेठनी तो आत घातला. त्यांचे फटके संपले. आता आमची पाळी. मी ह्यांच्या हातात काठी दिली. ब्राउनच्या बाहेरून, बऱ्याच लांबचा फटका होता, पण हातांना अजून सगळं येत होतं. चेंडू वळत वळत गेला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला. व्हरांड्यातून टाळ्या पडल्या. आता तो हातभर फटका माझा. आत गेला की त्यांच्यापेक्षा आमचा एक फटका कमी, होल आमचा, मॅच आमची, आणि दिवस पार पडला. मी मनात म्हटलं, अजून एकच, मग घरी नेऊन दार लावून घेते.

मी ह्यांच्या हातातून काठी काढून घेतली, पिशवीत ठेवली आणि माझी काढायला वाकले. शेठ वाट ओढायला पाट्याकडे निघालेच होते. मान वर करते तर पाटा ह्यांच्या हातात होता.

ते वाट ओढत होते. माझ्या चेंडूपासून होलपर्यंत. दाबून नाही, फसवून नाही. नियमात सांगितली होती तशी, हलक्या हाताने, दोरी लावल्यासारखी सरळ. शेठ अर्ध्या वाटेत थांबले. पार्टनरने वाट ओढायची नाही हे त्या मैदानावर ज्याने सगळ्यांना शिकवलं, तो माणूस आपल्या बायकोची वाट ओढत होता. सगळं विसरले होते, पण नियम विसरले नव्हते. वाट समोरच्याची ओढायची, हेच ते करत होते. मी आता समोरची होते.

ओढून झाल्यावर ते बाजूला झाले, पाटा उभा धरला आणि परक्या माणसासाठी राखलेलं अदबीचं हसू हसून म्हणाले, "वाट मोकळी, मॅडम."

मला पुढचं दिसेना. व्हरांड्यात कोणीतरी मुद्दाम खोकलं. कोणी चहाची चौकशी करू लागलं. ह्यांच्या सगळ्यांत जुन्या सोबत्याने मान फिरवून मोहाच्या झाडाकडे पाहायला सुरुवात केली. एका क्षणात सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि सगळे मिळून न कळल्याचं दाखवत होते. ती दया मला झोंबली. शेठ जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाभीजी, मारा तुम्ही. फ्रेंडली तर आहे."

मारता आला असता. हातभर तर अंतर, वाट सरळ. कोणी अक्षर बोललं नसतं, कप मिळाला असता आणि पाठ फिरल्यावर वर्षभर सगळे चुकचुकले असते. पण तो फटका मारायचा म्हणजे, वाट समोरच्याने ओढली, हे माझे कोणी नाहीत, असं मीच कबूल करायचं. ते मला जमेना. शिवाय हे शुद्धीवर असते तर सगळ्यांत आधी ह्यांनीच होल देऊन टाकला असता, आणि मी घरी जाऊन ह्यांना हरिश्चंद्र म्हटलं असतं.

मी चेंडू उचलला. व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाही शेठ. वाट माझ्या पार्टनरने ओढली. होल तुमचा."

शेठच्या बायकोने गॉगल काढून डोळ्यांना पदर लावला. हे मात्र सगळं नीट ऐकत होते. पार्टनरने वाट ओढली म्हटल्यावर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, असला अडाणीपणा कोणी केला म्हणून. ब्राउनवर दुसरं कोणी नव्हतं. मग ते दोन पावलं पुढे आले, पाटा डाव्या हातात घेतला आणि मॅच संपल्यावर करतात तसा उजवा हात माझ्यापुढे केला. माझी समजूत घालायला आवाज अगदी मऊ केला होता.

"राहू द्या मॅडम. नवीन असन तुमचा पार्टनर. शिकन हळूहळू."

मी तो हात हातात घेतला. ढिला होता, मला ठेवायला सांगत तसाच.

"हो," मी म्हटलं. "नवीनच आहेत."